भोंग्याच्या नादात

“उभा ऱ्हाय रे राजा, उभा ऱ्हाय,” असं आबा दोन्ही हात पसरून ओरडत होते, आणि राजा काही उभा राहत नव्हता.

राजा म्हणजे बैल नव्हे. राजा म्हणजे माझं तेलावर चालणारं इंजिन, आणि आबा म्हणजे माझे वडील. उधळलेल्या बैलापुढे उभं राहावं तसे ते धोतर खोचून इंजिनापुढे उभे होते. इंजिनाचा चामडी पट्टा चाकावरून सुटला होता आणि माझ्या डाळीच्या गिरणीच्या पत्र्याखाली अजगरासारखा हवेत लोळत होता. एका फटकाऱ्यात त्यानं दाराची चौकट उखडली, दुसऱ्यात तुरीचं पोतं फाडलं, आणि तिसऱ्यात (इथे मी मुळीच वाढवून सांगत नाही) जळगावच्या शेठजींची पगडी अशी उचलली की ती गिरणा नदी ओलांडून पलीकडच्या गावात एका कोंबडीवर जाऊन पडली. कोंबडीनं पुढे तिच्यात अंडी घातली असं लोक सांगतात, पण ऐकीव गोष्टी मी लिहीत नाही.

“आबा, सरका तठून, पट्टा लागी जाई,” मी ओरडलो.

“तू चूप बैस. तुन्ह्यामुळेच घाबरना तो,” आबा म्हणाले.

मी कसाबसा वाकून तेल बंद केलं. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. गिरणीत तूर उडालेली, धूर दाटलेला, आणि त्या धुरात शेठजी बोडक्या डोक्यानं एका पोत्यावर बसलेले. माझ्या आयुष्याचा निकाल त्या डोक्यात होता. ते डोकं झाकायला मी माझी टोपी पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि मांडीवर ठेवली.

आता हा निकाल कसला, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मला शाळेसाठी धुळ्याला मामांकडे ठेवलं होतं. मामांच्या घरामागे एक जीन होता, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. पहाटे त्या जिनाचा भोंगा व्हायचा आणि अर्धं धुळं अंथरुणातून उठून बसायचं. बायका चूल पेटवायच्या, पुरुष तोंडं धुवायचे, कोंबडे शरमून आरवायचे थांबायचे. एका माणसानं दोरी ओढावी आणि एवढं गाव उठावं, ही गोष्ट माझ्या डोक्यात जी शिरली ती परत बाहेर आलीच नाही. शाळेत मास्तर विचारायचे, कोण होणार? कोणी मामलेदार म्हणायचं, कोणी वकील. मी म्हणायचो, मी भोंगा वाजवणार. मास्तरांनी माझ्या पाठीवर तेव्हाच थोडा वाजवून दाखवला.

शाळा आटोपून गावी आलो आणि पहिल्या झटक्याला साबणाचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे एक कढई, पण पाटी मोठी होती. स्वदेशीचे दिवस, विलायती साबण लोक होळीत टाकत होते, त्यामुळे गिऱ्हाइकांची ददात नव्हती. अडचण एवढीच की आमच्या विहिरींचं पाणी इतकं जड की माझ्या साबणाला फेसच येईना. बायका नदीवर तो लुगड्याला घासायच्या, मग लुगडं दगडावर घासायच्या, आणि शेवटी दगडच झिजायचा. एका आजीबाईंनी वडी परत आणून दिली आणि म्हणाल्या, “भाऊ, हाई तुन्ही वीट.” गोठ्याच्या भिंतीला भगदाड पडलं होतं, तिथे आबांनी माझ्या वड्या चिखलात बसवल्या. ती भिंत पुढे कित्येक पावसाळे भिजली. फेस नाही.

मग जळगावला येऊन सोडावॉटर केलं, गोटीच्या बाटलीतलं. जळगावचा उन्हाळा ज्यानं पाहिलेला नाही त्याला काय सांगावं? तिथे वैशाखात कावळे झाडावरून खाली पडतात ते भाजूनच पडतात, फक्त मीठ लावायचं उरतं. अशा गावात थंड सोडा विकणाऱ्याची चैन व्हायला हवी होती. पण माणसांना जो उन्हाळा लागतो तोच बाटल्यांनाही लागतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी पहिली बाटली फुटली. तिच्या धक्क्यानं दुसरी, दुसरीच्या धक्क्यानं तिसरी, आणि मग अशी काही सरबत्ती झाली की चळवळीचे दिवस असल्यानं फौजदार शिपायांची तुकडी घेऊन धावत आले. त्यांना वाटलं बाँब. मी हात वर करून बाहेर आलो, हाताला लिंबाचा वास. अखेर एकच बाटली शाबूत राहिली होती. फौजदारसाहेबांनी ती पुरावा म्हणून जप्त केली आणि तिथेच उभ्यानं पिऊन टाकली.

आमच्याकडची रीतच अशी. पोराला नोकरी लागली की पेढे, शेती केली की मान, आणि कारखाना काढला की अंगारा. माझ्या कपाळाला एवढा अंगारा लागला की तो गोळा करून विकला असता तर तोच धंदा चालला असता. बायको धुळ्याची, तोंडानं फटकळ. मी नवीन काही काढतो म्हटलं की ती आधी फडताळाकडे जायची.

“ह्या वेळी काय फुटणार आहे तेवढं आधी सांगा,” म्हणायची, “तशी भांडी उचलून ठेवते.”

“ह्या वेळी काहीच फुटणार नाही,” मी म्हणालो. “ह्या वेळी डाळ.”

डाळीचा विचार मात्र खरोखर पक्का होता, अजूनही मी तो कोणाच्याही तोंडावर पक्काच म्हणेन. आमच्या मुलखात तूर अमाप. ती उन्हाळ्यात तेल-पाण्यात चोळून वाळवायची आणि मग घरोघरी बायकांनी जात्यावर भरडायची, हात दुखेस्तोवर. हेच काम इंजिनावर मोठं जातं बसवून केलं तर? धुळ्यातला तोच जीन, माझ्या भोंग्याचा, एव्हाना बंद पडला होता आणि त्याचं एक जुनं इंजिन विकाऊ होतं. मी आबांच्या मागे लागलो. आबांनी महिनाभर ऐकून घेतलं नाही. मग एका बाजाराला स्वतःची एक बैलजोडी नेली, मोकळे परत आले आणि म्हणाले, “जाय, लई ये तुन्हा बैल.”

असा तो बैल आमच्या घरी आला. जोडीच्या बदल्यात आला म्हणून आबांच्या हिशेबी तो बैलच होता. पहिले काही दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत. मग हळूहळू सकाळी गोठ्यातून निघून गिरणीत डोकावू लागले. त्याला तेल किती लागतं असं न विचारता ‘आज खाल्लं का यानी?’ असं विचारू लागले. गिरणी वर्षभर चालली. आसपासच्या गावांतून गाड्या येत होत्या. मी त्या वर्षात एवढा फुगलो की दारातून आडवा जायचो.

पण खेड्यातली गिरणी ती खेड्यातलीच. भोंगा वाजवायचा तर जळगाव. आणि जळगावला मेहरूणच्या तलावाकडे एका शेठजींची रिकामी वखार होती. मारवाडातून आलेलं घराणं, धान्याची मोठी आडत, बाजारात त्यांच्या शब्दाला वजन. आणि शब्द मोजकेच असल्यानं एकेकाला जास्तच वजन. मी त्यांच्या पेढीवर इतके खेटे घातले की त्यांच्या गादीपुढच्या फरशीला माझ्या पावलांचे खळगे पडले. दर वेळी ते म्हणायचे, “बघू.” अखेर पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गेलो तेव्हा ते म्हणाले, “गिरणी चालताना बघू. तूर माझ्यासमोर भरडली गेली, डाळ चांगली पडली, की वखार तुमची. भागीदारी करू.”

“आजच चला,” मी म्हणालो.

“उद्या पोळा. तुमच्याकडे स्टेशनावरून गावात न्यायला दमणीला बैल कोण जुंपणार? परवा येतो.”

बरोबर होतं. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे बैलाच्या मानेवर कोणी जू ठेवलं तर गाव त्या माणसाच्याच मानेवर ठेवील. मी आनंदानं जळगावलाच थांबलो, वखार आतून-बाहेरून पाहिली, भोंगा कुठे बसवायचा ती जागा खडूनं खुणावून ठेवली. घरी आबांशी बोलणं आधीच झालं होतं. त्यांची अटही होती. शेठ हो म्हणाला तर इंजिन जळगावला, आणि त्याच्याबरोबर मी. शेठ नाही म्हणाला तर इंजिन मळ्यातल्या विहिरीवर पाणी ओढायला, आणि त्याच्यामागे मी. मधला रस्ता आबांना ठाऊक नव्हता.

परवाच्या दिवशी शेठजींना दमणीत बसवून मी गावात आणलं. वेशीवर कालच्या पोळ्याचं तोरण अजून लोंबत होतं. बैल रंगवलेल्या शिंगांनी गोठ्यात सुस्त पडले होते. गिरणीच्या दाराशी अर्धं गाव जमलेलं. इंजिनाला झेंडूची माळ घातली होती आणि कपाळावर, म्हणजे जिथे कारखान्याचं नाव कोरलेलं होतं तिथे, कुंकू फासलेलं होतं. मला ते आवडलं. शेठजींनाही आवडलं असावं, कारण त्यांनी मान हलवली.

“काल याले बी सुट्टी दिधी,” आबा शेठजींना अभिमानानं म्हणाले. “वढनारा जो शे, बैल का इंजिन, बठ्ठास्ले सुट्टी.”

मी चाक फिरवलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, आणि शेठजींकडे बघत मी जात्याच्या तोंडात तूर ओतली. इंजिन धडधडतंय, चाक गरगरतंय, आणि जातं ढिम्म. पट्टा चाकावरून नुसता घसरतोय. मी तेल वाढवलं. पट्टा चीं चीं करू लागला आणि गिरणीत एक खमंग, तोंडाला पाणी सुटेल असा वास पसरला. काल घराघरात खापरावर पुरणाचे मांडे झाले होते, आज उरलेले तव्यावर गरम होत असणार, असं सगळ्यांनीच धरलं. गर्दीतला एक जण तर म्हणाला, “कोना घर तूप कढी ऱ्हायनं?” आणि लोक हसले. मी आणखी तेल वाढवलं. पुढे काय झालं ते वर लिहिलंच आहे. चौकट, पोतं, पगडी.

इंजिन थांबल्यावर मी काय करावं? मी पाना घेतला आणि इंजिन उघडलं. शेठजींच्या समोर मी त्याचं एकेक पोटातलं बाहेर काढून गोणपाटावर मांडलं, पुसलं, फुंकलं, परत आत घातलं. तेलाची नळी उपसली. नटबोल्ट असे काढले की त्यातले दोन त्या इंजिनाला कधी नव्हतेच. गाव भोवती बसून सल्ले देत होतं.

“नजर लागनी शे,” एक जण म्हणाला.

“कालदिन याले मांडा दिधा का?” दुसऱ्यानं विचारलं. “नही दिधा व्हई, म्हनीसन रुसना.”

“दिधा ना,” आबा म्हणाले. “पहिला घास यालेच दिधा.”

मी मान वर न करता नळीत हात घालून पाहिला. मांडा सापडला नाही. मग चाकाच्या मागे सापडला. पण चाकामागच्या मांड्यानं इंजिन अडत नाही, एवढं मलाही कळत होतं.

शेठजी ह्या सगळ्या वेळात पोत्यावर बसून होते. त्यांना दूध दिलं, ते प्यायले. मांडा दिला, अर्धा खाल्ला. एकदा उठून त्यांनी जमिनीवर मेल्यासारख्या पडलेल्या पट्ट्यावर एक बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, आणि धोतराला पुसलं. मी ते पाहिलं. मला वाटलं, चामडं कुजलंय का बघताहेत. मी म्हणालो, “पट्टा नवा आहे शेठजी, पट्ट्याची काळजी नको. दोष आत आहे.”

“बघू,” ते म्हणाले.

गाडीची वेळ झाली तोवर इंजिन पुन्हा जुळलं होतं. पट्टा चढवला. पुन्हा तेच. धडधड, गरगर, चीं चीं, आणि जातं आपलं जागच्या जागी, देवळातल्या पिंडीसारखं. शेठजींनी माझी टोपी माझ्या हातात परत दिली, आबांना नमस्कार केला आणि दमणीत बसले. मी स्टेशनापर्यंत सोबत गेलो. वाटेत मी बोलत होतो आणि ते रस्त्याकडे पाहत होते. गाडी हलताना मी विचारलं, “मग वखारीचं?”

“वखार दुसऱ्या कामाला लागणार आहे,” ते म्हणाले.

घरी परतलो तर गिरणीच्या दाराशी बायको कमरेवर हात ठेवून उभी.

“इकडे या,” ती म्हणाली. “तुमचा दोष सापडलाय मांजरीला.”

गावातल्या जेवढ्या मांजरी होत्या तेवढ्या माझ्या गिरणीत होत्या. पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीनं बसून चाटत होत्या. काहींचं पोट भरलं होतं, त्या दुसरीला जागा करून देत होत्या. मी गुडघ्यावर बसलो आणि पट्टा हुंगला. घरचं, गाईचं, रवाळ तूप. त्यात हळद.

आता पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सोललेले असतात, म्हणून त्या दिवशी त्यांना धुऊन खांद्यांना तूप आणि हळद चोळायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. त्या संध्याकाळी मी जळगावला होतो, खडू हातात घेऊन, भोंग्याची जागा खुणावत.

आबा गोठ्यात होते. मी जाऊन समोर उभा राहिलो.

“आबा, पट्टाले तूप कोनी लावं?”

“मी लावं.”

“काबर?”

“खांदेमळणी व्हती. बैलस्ले लावं, याले बी लावं. हाऊ वरीसभर वढस, याले खांदा नहीत का?”

“आबा, तो खांदा नही. पट्टा शे.”

“तो वढस कसावर?”

“पट्टावर.”

“मंग तोच खांदा,” आबा म्हणाले, आणि बैलापुढे कडबा टाकू लागले.

वर्षभर ज्याला ते ‘तुन्हा बैल’ म्हणत होते तो त्या संध्याकाळी त्यांनी ‘आपला’ म्हणून गोठ्यात घेतला होता, आणि घरातलं सगळ्यात चांगलं तूप दोन्ही हातांनी, पट्टा उलटासुलटा करून, चामड्यात जिरेपर्यंत चोळलं होतं. माझ्या कारखान्यावर कोणाचं एवढं प्रेम पहिल्यांदाच बसलं, मुहूर्त तेवढा चुकला. ओरडावं तर कोणावर? मी गिरणीत परत गेलो आणि मांजरींवर ओरडलो.

इंजिन विहिरीवर गेलं आणि अटीप्रमाणे मीही. पाणी भरपूर आलं. केळी एवढी वाढली की घडाखाली माणसं सावलीला झोपायची. सगळे म्हणू लागले, बरं झालं, पोरगा सुधारला. मी सुधारलो नव्हतो, चिडलो होतो, पण दोन्ही लांबून सारखंच दिसतं. विहिरीवरही पट्टा लागतोच. पुढच्या पोळ्याला मी आबांना म्हणालो, नुसतं कुंकू लावा, चालेल. त्यांनी कुंकूही लावलं. दुसऱ्या दिवशी मी बादलीभर राख घेऊन पट्टा पुसत बसलो होतो, तेव्हा जळगावहून आलेला एक जण म्हणाला, “मेहरूणला डाळीची मोठी गिरणी निघालीय, माहीत आहे का? पहाटे भोंगा होतो.”

दुसऱ्या पहाटे मी मेहरूणला तलावाच्या काठी उभा होतो. भोंगा झाला. पाण्यावरची बगळ्यांची अख्खी पलटण उडाली, ती थेट भुसावळला जाऊन उतरली असणार. माझी खडूची खूण होती बरोबर तिथेच भोंगा बसवला होता.

वखारीत शेठजी गादीवर होते, डोक्याला नवी पगडी. मला बघून त्यांनी माणसाला चहा सांगितला. मी बसलो नाही.

“शेठजी, ही कल्पना माझी.”

“हो,” ते म्हणाले.

“तेल-पाण्याची तूर इंजिनावर भरडायची, हे मी दाखवलं.”

“हो.”

“आणि माझं इंजिन चांगलं होतं.”

“इंजिन चांगलंच होतं. तुमचं जातं बघूनच मी हे घडवून घेतलं.”

“पट्ट्याला तूप लागलं होतं, बाकी काही नव्हतं. राखेनं पुसलं असतं तरी फिरलं असतं.”

“मला वास आला होता,” शेठजी म्हणाले. “घरचं तूप होतं.”

माझा आवाज चढला. आडतीवरची माणसं मापं टाकून बघायला आली. मी म्हणालो, एवढं कळलं होतं तर पोत्यावर बसून मांडा खात माझा तमाशा का पाहिलात? एक फडकं मागितलं असतं तर माझी गिरणी इथे असती, भोंगा माझा असता, मी असा केळीत उभा राहून म्हातारा झालो नसतो. पट्टा पुसायला असा कितीसा वेळ लागतो?

चहा आला. शेठजींनी कप माझ्याकडे सरकवला.

“पोळा दर साल येतो, भाऊ,” ते म्हणाले.